गोणपाटाखालची लादी

वहिनींचा फोन आला तेव्हा भर दुपार होती आणि मी माठातून पाणी घेत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी पंखा बंद करा म्हणून सांगत होतं. धुळ्याच्या त्या घरातला पंखा उन्हाळ्यात बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "येतो," म्हणालो आणि फोन ठेवला. भरलेलं फुलपात्र तसंच राहिलं... आमच्याकडे फ्रिज आहे, पण मी पाण्यात बर्फ घेत नाही. लग्नकार्यात सरबत आलं की ग्लास शेजाऱ्याकडे सरकवतो. घरात घशाचं कारण सांगून ठेवलं आहे. ते खोटं आहे, आणि हे माझ्याशिवाय एकट्या डॉक्टर मनोहरला ठाऊक होतं. आता तो नाही. त्याच्यावर निदान मरणानंतर तरी कुणीतरी खरं लिहावं असं वाटलं, आणि ते लिहू शकणारा माणूस दुर्दैवाने मीच आहे.

मनोहर आणि मी जळगावच्या एकाच शाळेत, एकाच कबड्डीच्या संघात. तो चढाईला जायचा, मी कोपऱ्यात उभा. मेडिकलला असताना त्याचा गुडघा गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी 'खेळ सोड' एवढाच इलाज सांगितला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, की खेळणाऱ्याला बरं करणं म्हणजे त्याला घरी बसवणं नव्हे. ऐंशीच्या आसपास तो जळगावला सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात लागला. आठवडाभर ट्रकखाली आलेले, विहिरीत पडलेले, शॉक लागलेले लोक बघायचा आणि रविवारी पत्र्याची ट्रंक घेऊन मैदानावर यायचा. ट्रंकेत पट्ट्या, फळ्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. त्याच ट्रंकेवर रेषेलगत बसायचा. क्रीडावैद्यक हा शब्द तेव्हा आमच्या गावात कुणी ऐकलेला नव्हता. पोरं त्याला 'पोटीस डॉक्टर' म्हणायची.

त्याची एक सवय होती. मैदानाबाहेर आलेल्या खेळाडूच्या मानेला मागून हाताची उलटी बाजू लावायची आणि विचारायचं, "आज घरी काय जेवलास?" पोरगा धड बोलला तर पाठीवर थाप. चाचरला, तर "बस खाली." मग कर्णधार ओरडो की पंच, तो त्या पोराला उठू देत नसे. मनोहर ज्याच्याकडे टक लावून बघायचा तो थोड्या वेळाने पडायचा, हे लोकांच्या लक्षात यायला लागलं. "डॉक्टर आला, आता कोणाचा तरी नंबर लागतो," असं प्रेक्षकांत बोललं जाई. एका आईने तर पोराचं तोंड पदराने झाकून घेतलं होतं. मी हे चेष्टेत त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "शऱ्या, मी बघतो म्हणून ते पडत नाहीत रे. पडणार असतात म्हणून मी बघतो."

मी शाळेत खेळ शिकवायचो आणि आमच्या छोट्या क्रीडा मंडळाचा सचिव होतो. एका चैत्रात मंडळाने रस्त्यावरची मोठी शर्यत ठरवली. मैदानावरून निघायचं, पिंप्राळ्याच्या पुढे जायचं आणि परत मैदानावर यायचं. वेळ सूर्योदयाची. मनोहरने आदल्या दिवशीच बर्फाच्या कारखान्यातून लादी सांगून ठेवली होती. जळगावच्या उन्हात पळणारा माणूस आतून शिजतो, त्याला आधी जागेवर थंड करायचा आणि मग हलवायचा, हे तो आम्हाला घोकून सांगायचा. पहाटे लादी आली. त्याने ती भुशात घोळून गोणपाटात गुंडाळली, मांडवामागे सावलीत ठेवली, शेजारी केळीची पानं अंथरली. सगळं तयार होतं. फक्त झेंडा दाखवणारे साहेब आले नव्हते. त्यांची गाडी धुळ्याहून निघायला उशीर झाला होता.

ऊन चढत गेलं. पोरं झाडाखाली बसून कंटाळली. डांबरावरून वाफा दिसायला लागल्यावर मनोहर माझ्याकडे आला.

"आज पळवू नको यांना. संध्याकाळी घे."

"अरे, साहेब झेंडा दाखवायला येताहेत."

"दाखवू दे की. मोकळ्या रस्त्याला दाखवू दे. टाळ्या आपण दोघं वाजवू."

मी चिडलो. मांडव, बँडवाले, हार, सगळ्यांची धावपळ माझ्या डोक्यावर होती. म्हटलं, "तू डॉक्टर आहेस, ज्योतिषी होऊ नको." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला... ज्या नजरेने खेळाडूंकडे बघायचा, त्याच नजरेने. मग म्हणाला, "मी स्कूटरवर पोरांच्या मागे राहतो. लादी तुझ्या ताब्यात. कुणाला हात लावू देऊ नको."

साहेब आले, झेंडा हलला, पोरं सुटली. मनोहर एका शिक्षकाच्या स्कूटरवर मागे बसून गेला. साहेब मांडवात घाम पुसत बसले. त्यांच्याबरोबरच्या माणसाने माझ्या कानाला लागून विचारलं, "काही गार मिळेल का?" सरबत होतं, पण कोमट झालेलं. मी मांडवामागे बोट दाखवलं. "थोडा फोडून घ्या." हे माझेच शब्द. थोडा म्हणता म्हणता मांडवात जो तो ग्लास पुढे करू लागला. फोडणाऱ्याने मला एकदा विचारलंही, "सर, आजून फोडू?" आणि मी मान हलवली. मग एक ग्लास मीही घेतला. फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

दिलीप पहिला आला. सोनगीरच्या सुकदेव आबांचा थोरला, कॉलेजसाठी पिंप्राळ्यात खोली करून राहणारा, उंच, लाजरा पोरगा. फाटकातून आत आला आणि फितीकडे यायचं सोडून भलतीकडेच पळायला लागला. लोक हसले. कुणी ओरडलं, "इकडे रे, इकडे!" मागून येणाऱ्या स्कूटरवरून मनोहरने उडी टाकली. तो पोचायच्या आत दिलीप पडला. त्याला उचलून केळीच्या पानांवर आणलं. मनोहरने मानेला हात लावला, "काय जेवलास रे?" विचारलं. दिलीपचे ओठ हलले, पण शब्द कुठलाच नव्हता. "बर्फ!" म्हणत मनोहरने स्वतःच गोणपाट ओढलं. आत ओला भुसा आणि मुठीएवढे चार खडे. त्याने वर पाहिलं. मी समोर उभा होतो...

नंतर त्याने रांजण उपडा केला, टेबलावरची चादर भिजवली, पुठ्ठ्यांनी वारा घालायला लावला. पाणीही संपलं. शेवटी टेम्पोत घालून दवाखाना. दिवस मावळायच्या सुमाराला दिलीप गेला. आबा सोनगीरहून पोचले तेव्हा त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की डॉक्टरने बर्फच ठेवला नव्हता. त्यांनी उजव्या हाताने मनोहरची कॉलर धरली. "बरफ कोठे गया रे डॉक्टर? बठ्ठा लोक सांगतस, बरफ पाहिजे व्हता!" मनोहर म्हणाला, "व्यवस्था माझी होती, आबा. कमी पडली." मी त्याच्या मागे हातभर अंतरावर होतो.

मंडळाच्या बैठकीतही तो तेवढंच बोलला. त्या दिवशी मांडवात साहेबांसमोरच्या ग्लासात बर्फ होता हे सगळ्यांनी पाहिलेलं, पण तो कुठला होता हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर प्रत्येकाला आपापला ग्लास आठवला असता. मंडळात बौद्ध तो एकटाच. "यांच्याकडे जबाबदारी दिली की असंच होतं," हे वाक्य त्या खोलीत उच्चारलं गेलं. बोलणारा माझ्या शेजारी बसला होता. मनोहरने माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीचे धागे उपसत राहिलो.

गाव त्याला 'बिनबर्फाचा डॉक्टर' म्हणू लागलं. वर्षभरात त्याने सरकारी नोकरी सोडली आणि धुळ्याला महामार्गालगत स्वतःचा छोटा अपघाताचा दवाखाना काढला. तिथे त्याने जे काम केलं त्याची मोजदाद मला करता येणार नाही. ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांना जमवून मानेला धक्का न लावता माणूस कसा उचलायचा ते शिकवायचा. आदिवासी शाळांतली धावणारी पोरं बसने त्याच्याकडे यायची. दवाखान्याच्या दारातच त्याने पत्रा ठोकलेली एक लाकडी पेटी ठेवली होती, आणि उन्हाळाभर तिच्यात रोज सकाळी ताजी लादी यायची. लागो न लागो. संध्याकाळी उरलेली तो झाडाच्या आळ्यात टाकायचा. तिच्यातला बर्फ कधी कुणाच्या ग्लासात गेला नाही.

एकदा सुकदेव आबांचाच पाय मोडला. महामार्गावर बैलगाडीला जीप घासली. त्यांना आणलं मनोहरकडेच. आबा ओरडले, "हाऊ नको! दुसरा डॉक्टर बलाव!" हे मनोहरने मला स्वतः सांगितलं, अगदी नक्कल करून. "मी म्हटलं, आबा, दुसरा जेवायला गेलाय. तो येईपर्यंत हा चालवून घ्या." पाय त्याने बसवला. आबांनी जाईपर्यंत शिव्या दिल्या.

शेवटचं भेटलो ते या माघात, त्याच्या दवाखान्याच्या दारात. तो खंगला होता. बोलता बोलता मी विचारलं... इतक्या वर्षांत पहिल्यांदा... "तू तेव्हा बोलला का नाहीस?" त्याने पेटीकडे बघत म्हटलं, "तू बोलशील असं वाटलं होतं." मग माझ्याकडे वळून, "शऱ्या, मी तिथे गुडघ्यावर बसलो होतो ना, तेव्हा तुझ्या हातात ग्लास होता. तो तू शेवटपर्यंत खाली ठेवला नाहीस." आवाजात राग नव्हता. एखाद्या रुग्णाचं लक्षण सांगावं तसं.

पुण्यानुमोदनाला धुळ्याला गेलो तेव्हा पेटीखाली पाणी साचलेलं दिसलं. वहिनी म्हणाल्या, "लादी अजून येते. नको म्हणून सांगायचं होतं, झालं नाही." मी तिथून सरळ सोनगीरला गेलो.

आबा अंगणात बाजेवर होते. म्हातारे झाले आहेत, एक पाय किंचित आखूड. "बस भाऊ," म्हणाले. सुनेने पाणी आणून दिलं. मी ग्लास आधी खाली ठेवला. मग सांगितलं, सगळं, 'थोडा फोडून घ्या'पासून दवाखान्याच्या दारातल्या पेटीपर्यंत. आबा ऐकत होते. किल्ल्याच्या बाजूने गरम वारा येत होता. मी मार खायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी मला एवढंच विचारलं, "डॉक्टरले हाई मालूम व्हतं?"

"हो."

"आनि तो गप ऱ्हायना?"

"हो."

आबांचा हात बाजेच्या काथ्यावर फिरत होता. "मी त्याले कॉलर धरीसन बोलनू. पाय बांधी ऱ्हायंता, तवय बी बोलनू." मग माझ्याकडे बघून, जणू उत्तर माझ्याकडेच आहे अशा आवाजात, "तो मरी गया. आते मी कोणले सांगू?"

इतकी वर्षं माझ्याजवळ होतं ते मी त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवून मोकळा झालो होतो. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि उठवेना.

"माले तठे ली चाल," आबा म्हणाले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आबा तो पाय घेऊन पुढे दांडा धरून उभे राहिले, धुळं येईपर्यंत. दवाखान्याच्या दारात त्यांनी चपला काढल्या. वहिनी बाहेर आल्या, तोवर आबा पेटीपाशी पोचले होते. पेटीचं झाकण त्यांनी स्वतःच उघडलं, गोणपाट बाजूला केलं, भुसा झटकला आणि आपला उजवा तळहात लादीवर टेकवला.

थोड्या वेळाने बोटं पांढरी पडायला लागली. वहिनी घाबरून म्हणाल्या, "आबा, काढा हात."

"ऱ्हाऊ दे, माय," आबा म्हणाले.