मंजूर म्हणवून घेणारे अण्णा

अण्णांची खरी ख्याती त्यांच्या थांबण्याची होती. ठराव वाचून झाला की ते कागदावरची नजर न उचलता क्षणभर थांबत. त्या थांबण्यात असे काही असे, की समोरची माणसे, निम्मी पेंगत असली तरी, एका सुरात "मंजूर" म्हणत. गटसचिव म्हणून सारी नोकरी त्यांनी गावोगावच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा अशा उरकण्यात घालवली. मंडपामागे चहाला उकळी येईपर्यंत सभा संपलेली असावी, हा त्यांचा दंडक होता. चेअरमन मंडळी त्यांना शेजारच्या तालुक्यातूनही मागून नेत.

असा माणूस निवृत्तीनंतर आमच्या नागरी हक्क समितीचा अध्यक्ष झाला. बीडमध्ये या समितीचे आम्ही पाच जण होतो आणि पदेही पाच होती, त्यामुळे नुसता सदस्य असा कोणी उरला नव्हता. उपाध्यक्ष सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यावर पहिले काम केले ते मुलीला शाळेत घालण्याचे. चिटणीस वकीलसाहेब, कोर्टाच्या आवारात त्यांचे टेबल होते, अशील नव्हते. कोषाध्यक्ष कोचिंग क्लासचे मालक, कारण बैठकीची खोली त्यांची होती. आणि प्रसिद्धीप्रमुख मी. मी जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. म्हणजे समितीचे पत्रक लिहिणारा मी आणि ते कोणत्या पानावर जावे हे ठरवणाराही मीच. तरी ते कायम आतल्या पानावर, बाजारभावाखाली छापून येई.

समिती स्थापन झाल्यावर पदाधिकाऱ्यांचा परिचय मी लिहिला. अण्णांचा पूर्वेतिहास नागरी हक्कांच्या दृष्टीने फारसा शोभणारा नव्हता, म्हणून मी "सहकार क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव" असे मोघम वाक्य टाकले. अण्णांनी ते दोनदा वाचले.

"कावून लपवतो रं, संपादक? लोकांची तोंडं बंद करायचा अनुभव, असं लिव की सरळ."

ते मला संपादक म्हणत. मी उपसंपादक आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मग या समितीत आलात कशाला, असे वकीलसाहेबांनी विचारले. अण्णा म्हणाले, "आयुष्यभर जे बंद केलं, ते एकदा उघडून बघावं म्हणतो. आत काय हाय ते तरी कळंल." वकीलसाहेबांनी हे वाक्य पुढे भाषणात स्वतःचे म्हणून वापरले.

समितीच्या बैठकाही अण्णा जुन्याच रीतीने चालवत: सूचक, अनुमोदक, मंजूर, चहा. एरवी आम्हाला वेळ लागे तो शब्दांना. एका पत्रकात निषेध "तीव्र" करावा की "जाहीर" यावर पूर्ण बैठक गेली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "तीव्रच लिहा. बाजारभावाखाली जाहीर कुठं होतोय?"

दुष्काळाच्या वर्षी मात्र खरे प्रकरण आले. अण्णांचे गाव आष्टीकडचे. पाऊस लांबला होता आणि तिथल्या सोसायटीने चालवलेली जनावरांची छावणी अजून उठली नव्हती. छावणीत गाई-बैलांना प्रवेश होता, मेंढरांना नव्हता. बिरा नावाच्या मेंढपाळाने आपली मेंढरे छावणीच्या हौदावर पाजली. चेअरमनने हटकले, शब्दाला शब्द वाढला. बिराने टँकर अडवून दमदाटी केली, अशी चेअरमनने तक्रार दिली आणि पोलिसांनी त्याला आत टाकले. चेअरमनच्या विरोधात जामीन राहायला गावातला कोणी धजेना.

बिराची बायको ठकूबाई बीडला अण्णांच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा आत, मेंढरे तिच्या एकटीच्या अंगावर. पाणी शोधत कळप बीडजवळच्या पाली गावाच्या धरणाकडे न्यायचा होता, आणि तेवढी वाट एका माणसाला कळप हाकत चालता येत नाही.

"रोज एखादं पडतंय, अण्णा," ती म्हणाली. "तक्रार मागं घेतली तर सोडू म्हणत्यात ठाण्यात. चेअरमन तर मला दारात बी उभं करीना."

आम्ही तातडीची बैठक घेतली. मोर्चा काढायचा ठरला. मग जिल्ह्यात जमावबंदी असल्याचे वकीलसाहेबांना आठवले आणि मोर्चा रद्द करण्याचा ठरावही एकमताने मंजूर झाला. मी तीव्र निषेधाचे पत्रक लिहायला घेतले. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा हाय. तिला जमावबंदी न्हाई. चला गावाला."

त्या सभेत अण्णा हवेच होते. नव्या सचिवाला माइकसमोर घाम फुटे, त्यामुळे विषयपत्रिका दरवर्षी अण्णाच वाचत. चेअरमनने त्यांना हार घालून शेजारी बसवले. अण्णा समितीचे अध्यक्ष झाल्याचे त्याला माहीत नव्हते. यावरून माझ्या प्रसिद्धीचा आवाका लक्षात यावा.

मी, सिस्टर आणि ठकूबाई मंडपात मागे बसलो. अहवाल, मंजूर. ताळेबंद, मंजूर. अण्णा जुन्या लयीत होते. प्रत्येक विषयपत्रिकेवर एक शेवटचा विषय छापलेला असतो: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. सगळ्या नोकरीत अण्णांनी तो कधी मोठ्याने वाचला नव्हता. त्याच्या आधीच आभार होत आणि राष्ट्रगीत सुरू होई. त्या दिवशी त्यांनी तो वाचला आणि विचारले, "बोला. कोणाचा हाय का?"

लोकांना हा प्रश्न पूर्वी कोणी विचारलाच नव्हता. दोघे-तिघे तर चहासाठी उठलेही होते. माझ्याजवळ भाषण लिहून तयार होते. सोसायटीचा सभासद नसलो तरी पत्रकार म्हणून दोन शब्द मागायचे, असे येताना जीपमध्ये ठरले होते. पण पत्रकाराने स्वतः बातमी होऊ नये हे तत्त्व मला नेमके तेव्हाच आठवले.

ठकूबाई उठली. "माझा हाय."

"ती सभासद न्हाई," चेअरमन म्हणाला. "बिगर सभासदाला बोलता येत न्हाई. काय अण्णा?"

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "नियमानं येत न्हाई."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. अण्णा माइक हातात घेऊन उभे राहिले. "पण मी सभासद हाय. मला येतं. बाई, तुमी तिथून सांगा, मी इथून बोलतो."

ठकूबाईला काही कळले नाही. पण ती बोलू लागली, आणि तिचे प्रत्येक वाक्य अण्णा जसेच्या तसे माइकवर म्हणू लागले.

"माझा नवरा चोर न्हाई," अण्णा म्हणाले.

मंडपात हशा पिकला. "कोणता नवरा, अण्णा?" मागून एकजण ओरडला. "पत्रिका न्हाई आली आमाला!"

अण्णा हसले नाहीत. "मेंढरं दोन दिसाची तहानलेली व्हती. धनी म्हणला, हौद भरलेला हाय, वाईच पाजतो. त्यानं टँकर अडवला न्हाई. टँकर तवा आलाच नव्हता. तुमच्यातले कितीतरी तिथं व्हते. तुमी बघितलंय."

हसणे हळूहळू थांबले. एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून एका बाईचे गाऱ्हाणे ऐकायला सगळे गप्प बसले होते. चेअरमनने राष्ट्रगीतासाठी सचिवाला खूण केली, पण माइक अण्णांकडे होता.

"मला दुसरं काय नको," ठकूबाई म्हणाली. "मला दुसरं काय नको," अण्णा म्हणाले. मग त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि आवाज बदलला. तो त्यांचा जुना, सचिवाचा आवाज होता. "सबब, सोसायटीच्या चेअरमननी दिलेली तक्रार मागे घेण्यात यावी, असा ठराव ही सभा करीत आहे."

आणि ते थांबले.

"मंजूर!" अख्खा मंडप म्हणाला.

त्यातल्या किती जणांनी विचार करून म्हटले आणि किती जणांनी सवयीने, हे मला सांगता येणार नाही. म्हटल्यावर कित्येकांनी दचकून एकमेकांकडे पाहिले. चेअरमनच्या ओठांवरही तो शब्द अर्धा आला होता, असे सिस्टर शपथेवर सांगतात. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि एवढ्या लोकांचा आवाज त्याने कानांनी ऐकला होता. दुसऱ्या दिवशी त्याने ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतली. बिरा सुटला. तो मेंढरांकडे इतक्या घाईने गेला की समितीने आणलेला हार वकीलसाहेबांच्या हातातच राहिला.

सभेहून परतताना जीपमध्ये मी अण्णांचे अभिनंदन केले होते. ते खिडकीबाहेर बघत होते. "त्या थांबण्यावर लई माणसं गप बसवली, संपादक," ते म्हणाले. "आज बी बसवलीच असतील काही. समदं काय चांगलं झालं म्हणू नको." त्याच आठवड्यात त्यांनी ठकूबाईला समितीची सभासद करून घेतले. पद नसलेली ती आमची पहिली सभासद.

अण्णा गेले ते पुढच्या हिवाळ्यात, झोपेत. क्लासच्या खोलीत शोकसभा झाली. दोन मिनिटे उभे राहिल्यावर नव्या अध्यक्षाचा विषय निघाला. वकीलसाहेबांनी माझे नाव सुचवले. वर्तमानपत्राचा अनुभव, लेखणीची ताकद वगैरे माझा पूर्वेतिहास सांगितला. तो मला आवडला. बोलून झाल्यावर ते थांबले आणि सगळे एका सुरात "मंजूर" म्हणाले.

"न्हाई," दाराजवळून आवाज आला. ठकूबाई उभी होती. "मला न्हाई मंजूर."

समितीच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. कारण विचारायला हवे होते. ते सिस्टरांनी विचारले.

"त्या दिशी सभेत अण्णांनी इचारलं, कोणाचा हाय का," ठकूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "हे माझ्या शेजारीच व्हते. कागद व्हता यांच्या हातात."

हरकत वस्तुस्थितीला धरून होती. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडेच असल्याने ती मीच लिहून घेतली. सिस्टर अध्यक्ष झाल्या. बातमी मी आतल्या पानावर दिली, बाजारभावाखाली.