इंजिन ठणठणीत, आतली बाजू सोडून

मैत्रिणी जमल्या की कुणी माहेरचे किस्से सांगतं, कुणी शेजारणीचे. माझ्याकडे गाडीचे आहेत. ते मी मुद्दाम जमवले नाहीत, आपोआप साठत गेले. आमची गाडी नगरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली, की इंजिनाचं दुखणं तिथे ठेवून यायची आणि आतल्या बाजूला काहीतरी नवीन घेऊन यायची. दुरुस्ती एक, किस्सा एक, असा हिशोबच बसला होता.

तेव्हा आम्ही पारनेरला होतो. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. आमचे हे डॉक्टर, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. घरात सासूबाई, त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. गाडी चालवायला निवृत्ती, कान्हूरकडचा, अतिशय शांत माणूस. आणि नगरला वर्कशॉपचे सुपरवायझर गंधेसाहेब. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कुठलीही तक्रार नेली तरी एकच प्रश्न, "इंजिन कसं आहे?"

इंजिन उत्तमच असायचं हो. त्यामुळे पुढे बोलायची पंचाईत व्हायची.

*

नवी गाडी मिळायला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आमची आली तेव्हा आक्कांनी सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. आत दुधाच्या साईच्या रंगाचं रेक्झीन होतं, ते आम्ही प्लॅस्टिकमधूनच बघायचो. उन्हाळ्यात त्यावर बसलं की पाठ भिजून निघायची. पण आक्का म्हणायच्या, नवं ते नवंच राहू दे.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी गेली आणि प्लॅस्टिकशिवाय परत आली. मागच्या सीटच्या पाठीवर, अगदी मधोमध, ग्रीसचा काळाकुट्ट पंजा उमटलेला. नुसता डाग नव्हे, अख्खा हात, बोटांसकट.

आक्कांनी त्या पंजासमोर आपला हात धरून बघितला. मग म्हणाल्या, "लग्नघराच्या भिंतीला हळदीचा हात असतो. कंपनीची ही रीत दिसते."

हे दुसऱ्या दिवशी तडक नगरला गेले. गंधेसाहेबांनी आधी इंजिनाची चौकशी केली, मग डाग बघितला आणि म्हणाले की हा आमच्या वर्कशॉपचा कशावरून? आमची माणसं फडक्याला हात पुसल्याशिवाय दार उघडत नाहीत. तुमच्याच एखाद्या पेशंटचा असेल.

ह्यांनी डॉक्टरी नजरेनं तो पंजा नीट पाहिला. ह्या हाताची करंगळी अर्धीच आहे, असं त्यांनी गंधेसाहेबांना दाखवलं, आणि असा पेशंट आपल्याकडे नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात एक फिटर साहेबांना काहीतरी विचारायला आला आणि त्यानं अदबीनं सलाम केला.

करंगळी अर्धी.

ह्यांनी ती लगेच हातात घेऊन तपासली, कधी तुटली, दुखते का, सगळं विचारलं. तो बिचारा हरखून गेला. म्हणाला, इतकी वर्षं झाली, आजवर कुणी विचारलं नव्हतं. गंधेसाहेब तोवर इंजिनाकडे बघत होते.

*

डाग काढून देतो म्हणून त्यांनी गाडी ठेवून घेतली. डाग काही निघाला नाही. मग त्यांनी काय करावं? त्यावर साईच्याच रंगाचा एक हात मारला. लांबून अगदी बेमालूम. आम्ही खूश.

त्याच महिन्यात माझ्या नणंदेला, कुसुमला, बघायला पुणतांब्याची मंडळी यायची होती. स्थळ चांगलं होतं. गोदावरीकाठची बागायत, मुलगा शेतकी पदवीधर, आणि त्याचे वडील, तात्या, भलतेच टापटिपीचे. आधी दोन स्थळं हातची गेली होती, म्हणून आक्कांच्या जिवाला घोर. नगर स्टेशनवर मंडळींना घ्यायला गाडी पाठवली. तात्या म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, टोपी आणि भर वैशाखात काळा कोट. मानानं मागच्या सीटवर मधोमध बसले.

घरासमोर गाडी थांबली. तात्या उतरायला पुढे झाले, तर पाठीमागे चर्रर्र असा आवाज झाला, जुनं पोस्टर भिंतीवरून निघतं तसा. त्यांना वाटलं सीट नवी आहे म्हणून वाजली असेल. ते ऐटीत चालत घरात आले आणि आम्ही सगळ्यांनी त्यांची पाठ बघितली. काळ्या कोटावर साईच्या रंगाचा हा एवढा चौकोन. मी गाडीत डोकावले, तर उन्हानं पाघळलेला रंग कोटाला गेल्यामुळे सीटवर तो काळा पंजा पुन्हा उघडा पडलेला.

आता सांगायचं कुणी? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आक्कांकडे, आक्कांनी देवाकडे. पोहे झाले, चहा झाला, तात्या पाऊसपाण्याचं बोलत होते. ते मागे टेकले की आक्कांचा श्वास अडकायचा, कारण मागची गादी आक्कांच्या माहेरची होती. नवऱ्या मुलाच्या सगळं लक्षात आलं होतं आणि तो ओठ दाबून जमिनीकडे बघत बसला होता.

शेवटी रिवाजाप्रमाणे तात्यांनी कुसुमला विचारलं, "मुली, तुला काही विचारायचंय का?"

मुलींनी अशा वेळी मान हलवून नाही म्हणायची पद्धत होती. कुसुम म्हणाली, "हो. तुमचा कोट काढून देता का? रंग ओला आहे तोवर निघेल."

तात्यांनी कोट काढला, पाठ बघितली, मग आमची तोंडं बघितली, आणि असे हसायला लागले की टोपी मांडीवर पडली. म्हणाले, "इतकी माणसं बसलीत, पण खरं बोलणारी ही एकटीच. ही आमच्याकडे पाहिजे."

कुसुम आजही पुणतांब्यात आहे. तो रंग मात्र कोटावरून कधीच निघाला नाही. तात्या व्याह्यांकडे येताना मुद्दाम तोच कोट घालून यायचे.

*

पुढे चारी दारं खडखडायला लागली. वर्कशॉपनं ती उघडून आतून आवळून दिली. खडखड थांबली. फक्त आतल्या हँडलांचे स्क्रू लावायचे राहिले होते, हे आम्हाला माहीत नव्हतं.

निवृत्ती त्या दिवशी रजेवर. एका वाडीवरून निरोप आला की म्हातारी पोटदुखीनं तळमळतेय. हे स्वतः गाडी घेऊन निघाले. धुळीचा रस्ता, म्हणून काचा वर केलेल्या. वाडीवर पोचले, दार उघडायला हँडल ओढलं, ते हातात आलं. सरकून पलीकडच्या दाराला गेले, तेही हातात आलं. मागच्या सीटवर चढून गेले, तिथली दोन्ही तशीच. काच खाली करायची मूठ फिरवली, तर तीसुद्धा निघाली. डॉक्टर आत, आणि सगळी हँडलं मांडीवर.

बाहेर माणसं जमली, पण आदरानं लांब उभी. बंद काचांतून आवाज पोचेना, म्हणून ह्यांनी आतून हातानं खुणा केल्या की दार बाहेरून उघडा. लोकांना वाटलं, डॉक्टर मागे सरका म्हणताहेत. सगळे मागे सरकले. ह्यांनी आणखी जोरात हात हलवला. माणसं पार गोठ्यापर्यंत गेली. कुणीतरी म्हणालं, साथीचा रोग असंल, डाक्टर उतरंनात. मग तर बायकांनी तोंडाला पदर लावले.

शेवटी घरातून एक म्हातारी पोट धरून हळूहळू चालत आली. तिनं बाहेरून दार उघडलं आणि म्हणाली, "उतरा, डाक्टर. एवढं काय लाजता?"

घामानं निथळत हे उतरले आणि विचारलं, "पेशंट कुठाय?"

"मीच हाय की."

*

मग दुष्काळ पडला. पारनेर तालुका असा करपला होता की बघवत नव्हतं. जागोजागी दुष्काळी कामं निघाली होती. खडी फोडायची, तलावाचा भराव टाकायचा. हे आठवड्यातून एकदा कामावरच्या माणसांना तपासायला जायचे. बायकांच्या हाताला फोड, मुलांचे डोळे आलेले. ह्यांना ते सहन व्हायचं नाही, घरी आले की जेवायचे नाहीत.

त्याच सुमारास गाडीतला दिवा लागेनासा झाला होता. दार उघडलं की आत लागतो ना, तो. वर्कशॉपनं डॅशबोर्डला चांगलं रुपयाएवढं भोक पाडलं, त्यातून वायर ओढली आणि दिवा दुरुस्त म्हणून गाडी दिली. वायर कुठली कुठे जोडली देव जाणे. दार उघडलं की दिवा लागायचा नाही, हॉर्न वाजायचा. दार बंद होईपर्यंत वाजत राहायचा.

निवृत्तीला हे नगरलाच कळलं होतं. त्याला वाटलं, नवीन सोय असेल.

कामावर दुपारच्या सुट्टीची खूण म्हणजे ओव्हरसियरच्या जीपचा हॉर्न. आमची गाडी तिथे पोचली सकाळी. उन्हं नुकती तापायला लागलेली. ह्यांनी दार उघडलं. घरी चढताना हॉर्न जरासाच वाजला होता, पण इथे औषधांची पेटी उतरवेपर्यंत दार उघडं राहिलं आणि तो थांबेना. सगळ्या भरावावर हातोडे खाली पडले, पाट्या खाली ठेवल्या गेल्या, आणि शेकडो माणसं सावली शोधायला लागली. मुकादम ओरडत धावत आला की सुट्टी झालेली न्हाई, उठा. पण तोवर बायकांनी भाकरी सोडल्या होत्या. उघडलेली भाकरी परत कोण बांधतंय?

ओव्हरसियर तणतणत आला. हे त्याला शांतपणे म्हणाले की ह्या उन्हात अर्धा तास जास्त सावलीला बसले तर ते मी डॉक्टर म्हणून लिहून देतो. तो जीपकडे परत गेला. मग हेही एका दगडावर बसले, कुणीतरी हातावर भाकरी-चटणी ठेवली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हा माणूस पोटभर जेवला.

निघताना एक म्हातारी गाडीजवळ आली. दाराला प्रेमानं हात लावला आणि म्हणाली, "डाक्टर, उद्या बी या."

तो हॉर्न ह्यांनी पुढे बरेच दिवस दुरुस्त केला नाही.

*

आता शेवटचा. ह्यानंतर कंपनीनं आमच्या गाडीच्या आतल्या बाजूला पहिल्यांदा नीट हात लावला, इतका की सीट नवी, छत नवं, डॅशबोर्ड नवा. आणि गंधेसाहेबांनी इंजिनाबद्दल विचारणंच सोडून दिलं. ते कसं झालं ते ऐका.

झालं असं की गाडीच्या छताचं आतलं कापड वर्कशॉपच्याच वेल्डिंगनं जळलं होतं आणि लोंबायला लागलं होतं. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर ते पदरासारखं यायचं. ह्यांनी गंधेसाहेबांना खूप विनवलं. एकदा पारनेरला या, ह्या रस्त्यावरून ह्या गाडीत बसून बघा, मग बोला. साहेब म्हणायचे, छे, मला इथून हलता येत नाही. गाडी पाठवा, कापड काढून ठेवतो, नवीन आलं की बसवू.

निवृत्ती गाडी घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीनंतर, दुपारच्या उन्हात, गाडी कडुलिंबाखाली उभी होती. जुनं कापड काढून मागच्या सीटवर टाकलेलं. निवृत्ती बसला आणि निघाला. सुप्याला चहा प्यायला, पुढचा सगळा खड्ड्यांचा रस्ता त्यानं नेहमीसारखा घाईनं काढला, आणि चारच्या सुमाराला गाडी दवाखान्यासमोर उभी केली. ओट्यावर पेशंट बसलेले, आक्का दारात, मी नुकतीच शाळेतून आलेली.

मागचं दार उघडलं. आधी कापड बाहेर आलं, मग त्या कापडाखालून एक माणूस आला. शर्टाची इस्त्री गेलेली, एक पेन गायब, केसांत काजळी, आणि सीटची स्प्रिंग लागून कंबर वाकडी झालेली. गंधेसाहेब. जेवून जरा आडवे झाले होते म्हणे, सावलीला, आमच्या गाडीत.

त्यांनी दवाखाना बघितला, आक्कांकडे बघितलं, पेशंटांकडे बघितलं. आक्कांनी कोण कुठले न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. ते ओट्यावर पेशंटांच्या रांगेत बसले आणि गटागटा पाणी प्यायले.

ह्यांनी निवृत्तीला बाजूला घेतलं. एवढा अख्खा माणूस मागे झोपलेला, तो खड्ड्यात उसळला असेल, कण्हला असेल, ओरडलासुद्धा असेल. "अरे, एकदा तरी मागं वळून बघायचंस ना?"

निवृत्तीनं गाडीची चावी ह्यांच्या हातात दिली. नेहमीसारखा शांत.

"कंपनी दर बारीला आत काय ना काय ठिवूनच देती, डाक्टर," तो म्हणाला. "म्या काय काय बघू?"