आईच्या नावावर रांगेच्या पुढे

मी जुन्या लेथ आणि ड्रिलिंग मशिनी विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. यशवंतपूरला माझी शेड आहे. माल बहुतेक होसूरच्या बाजूनं येतो, कारण तिकडे लहान कारखाने सतत कुठे ना कुठे बंद पडतात, नाहीतर नवं मशीन आणून जुनं काढून टाकतात. त्यामुळे आठवड्यातल्या दोन सकाळी तरी मला बेंगळुरू सोडून राज्याची हद्द ओलांडावी लागते. अंतर फार नाही. पण हद्दीवरचा नाका आला की ट्रक, कंपन्यांच्या बसेस, भाजीचे टेम्पो, दुचाक्या, सगळं एकमेकांच्या अंगावर येऊन थांबतं. ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरतात आणि चहा पितात, यावरून काय ते समजावं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कारखान्यात मशीन विकायला निघालं की ज्यानं आधी येऊन मशीनवर हात ठेवला, त्याचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्यानं तोंड घालायचं नाही. तो सौदा सोडून बाहेर आला की मग दुसऱ्यानं आत जायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडणाऱ्याला पुढे कुणी दारात उभं करत नाही. म्हणजे आधी पोचणं हाच निम्मा सौदा.

काही वर्षांपूर्वी एका उत्तम लेथसाठी मी उजाडायच्या आत निघालो होतो. नाक्यावर रांगेत शहाण्यासारखा उभा राहिलो. माझ्या डोळ्यांदेखत आमच्याच धंद्यातला एक जण समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूनं उलटा घुसला आणि थेट बॅरिकेडच्या तोंडाशी जाऊन रांगेत शिरला. मी उतरून तिथल्या पोलिसाला सांगायला गेलो. तो म्हणाला, "तुमची गाडी तुम्ही बघा सार, रस्ता मी बघतो." मी कारखान्यात पोचलो तेव्हा त्या गृहस्थाचा पंजा लेथवर होता. मला पाहून तो म्हणाला, "आज झोप लागली होती काय?" हे लिहितानाही माझे कान तापले आहेत. मी रांगेत उभा राहिलो म्हणून हरलो, आणि वर झोपाळू ठरलो.

त्यानंतर मी रांग पाळली नाही. हे सगळं मी आधी सांगतो आहे ते माझी बाजू बळकट व्हावी म्हणून. पुढचं वाचल्यावर ती बळकट राहणार नाही.

रांग मोडायला हिंमत लागत नाही, तोंड लागतं. पुढे घुसल्यावर पोलीस काचेपाशी येतो, त्या अर्ध्या मिनिटात त्याला काय सांगायचं हे ठरलेलं हवं. आम्ही चिकोडी-निपाणीकडची माणसं. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की पहिल्यांदा ओळख काढतात. गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, बाजार कुठला, अमक्या घरची तुमची कोण. चार प्रश्नांत कुठेतरी धागा लागतोच, आणि लागला की मग समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. धंद्यात मला याचा फार उपयोग झाला. नाक्यावरही होईल असं वाटलं, आणि झाला.

त्या नाक्यावर एक नवा ट्रॅफिकचा हवालदार आला होता, तिशी-पस्तिशीतला. मी आडवा घुसलेला पाहून तो रागानं आला. "हिंदे होगी सार, हिंदे," म्हणजे मागे जा. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव होतं, ते आमच्या बाजूचं. मी काच पूर्ण खाली केली आणि मराठीत म्हटलं, "कुठलं ओ तुम्ही? आमच्याच बाजूचं दिसतासा."

त्याचा उगारलेला हात तसाच राहिला. या नाक्यावर त्याच्याशी मराठी कोण बोलणार?

"निपाणीच्या अलीकडं, अण्णा. तुम्ही?"

मी गाव सांगितलं. त्याची आत्या आमच्या शेजारच्या गावात दिलेली निघाली. तिच्या दारातली चिंच मला ठाऊक होती. तो हसला, पण लगेच सावध झाला. "ते झालं. पण असं मधनं का शिरलासा? मागं माणसं तासभर उभी हायत."

ओळखीनं राग गेला होता, वाट मिळाली नव्हती. मी म्हटलं, "आई होसूरला दवाखान्यात आहे. भावाकडे आली होती, तिथंच पडली. मणक्याचं दुखणं. डॉक्टर फेरीवर यायच्या आत पोचायचंय."

त्यानं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग बॅरिकेड ओढलं आणि एका ट्रकसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. ट्रकवाल्यानं त्याला तमिळमध्ये जे काही ऐकवलं ते माझ्या वाट्याचं होतं. हवालदार म्हणाला, "जावा अण्णा, लवकर जावा."

त्या वेळी माझी आई यशवंतपूरच्या घरी ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत असेल. तिच्या मणक्याला काहीही झालेलं नव्हतं.

पुढचे तीन महिने मी त्या नाक्यावर थांबलो नाही. तो दिसला की मी उलट्या बाजूनं पुढे जायचो आणि तो वाट करून द्यायचा. दर वेळी विचारायचा, "आई कशी हाय?" मी म्हणायचो, "हळूहळू." एकदा त्यानं विचारलं, "ऑपरेशन केलं काय?" खोटं बोलताना कमीत कमी माल दाखवावा हा माझा अनुभव. ऑपरेशन म्हटलं की कुठे केलं, टाके किती, घरी कधी सोडलं, सगळं रचावं लागणार. म्हणून मी स्वस्तातलं उत्तर दिलं. "गरजच पडली नाही. औषधावर बरी झाली. आता चालते."

तो एकदम जवळ आला. "खरं?" त्याचा चेहरा उजळलेला मला दिसला, पण मागचा बसवाला हॉर्न देत होता आणि मला होसूरला एक ड्रिलिंग मशीन गाठायचं होतं.

पुढच्या खेपेला त्यानं मला बाजूला घेतलं. त्याची आई त्याच्यापाशीच राहायची, पोलीस वसाहतीत. तिचाही मणका. नस दबली होती, डाव्या पायातली ताकद चालली होती. बेंगळुरूच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर करा, उशीर केला तर पाय परत मिळणार नाहीत. ती कशीबशी तयार झाली होती. आणि यानं घरी जाऊन माझ्या आईची गोष्ट सांगितली होती.

"आता ती म्हणती, त्या बाईला औषधानं गुण आला, मला का चिरता? डॉक्टरचं नाव तेवढं सांगा, अण्णा."

मी म्हटलं, "नाव आत्ता आठवत नाही. चिठ्ठी घरी आहे. बघतो."

दहा दिवस मी त्या रस्त्याला गेलो नाही. मशिनी सोडल्या, माझ्यासारख्यानं सोडल्या, यावरून मी किती घाबरलो होतो ते कळेल. मला वाटलं, तेवढ्यात तो नाद सोडेल, आईला समजावेल. गेलो तेव्हा तो मलाच शोधत असावा. माझी गाडी लांबून ओळखून धावत आला.

"दोन सुट्ट्या होसूरमध्ये फिरलो," तो म्हणाला. "आईला रिक्षात बसवून. चार दवाखाने झाले. मणका औषधावर बरा करणारा कोण डॉक्टर, तर कुणाला ठाऊक न्हाई. एक जण तर हसला. ती रिक्षात बसून रडाय लागली, पण ऑपरेशनला हो म्हणंना." मग त्यानं खिशातून फोन काढला. "तुम्ही बोला तिच्याशी. आपल्या मराठीत सांगा. तिला कानडी डॉक्टरचं काय समजत न्हाई. तुमचं ऐकंल. स्पीकरवर लावतो, गाड्यांच्या आवाजात तिचं बोलणं मलाही ऐकू यायला पायजे."

मला नको म्हणता आलं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला, आम्ही दोघं बॅरिकेडमागे, आणि फोन आमच्या मध्ये.

"कोण, अण्णा व्हय?" म्हातारीचा आवाज खणखणीत होता. "तुझी आई आता चालती का रे बाबा?"

"चालते, मावशी." ते खरंच होतं.

"भाकरी थापती?"

"थापते."

"खाली बसून?"

"खाली बसून."

"मग न कापता बरी झाली. मी हेच म्हणत हुते. त्या डॉक्टरचं नाव काय?"

मी हवालदाराकडे पाहिलं. तो फोनकडे पाहत होता, मान थोडी वाकवून, देवळात ऐकतात तसा. मला दोनच वाटा दिसल्या, खरं किंवा आणखी एक खोटं. खरं सांगावं, तर ती म्हणाली असती, जो एकदा खोटं बोलला त्याचं आता काय ऐकायचं, आणि तिनं ऑपरेशन केलं नसतं. निदान त्या क्षणी मला तसं वाटलं. माझी कातडी वाचवायला तसं वाटलं असेल, तर तेही मी नाकारत नाही.

"कापलं, मावशी," मी म्हटलं. "ऑपरेशन केलं."

शेजारी हवालदाराची मान वर आली.

"पोरगं तर म्हणालं औषधावर..."

"मीच तसं सांगितलं. आई म्हणायची, कुणाला सांगू नको. फार भ्याली होती. आता म्हणते, उगाच भ्याले, आधीच करायचं होतं."

"दुखलं लई?"

"आठवडाभर. मग उठून बसली."

"कुणाच्या हातनं केलं?"

"तुम्हाला मिळालेला डॉक्टर चांगला आहे. त्याच्याकडंच करा. उशीर करू नका, मावशी. उशीर केला तर पाय जातात."

ती म्हणाली, "बरं. बघूया." सौद्यात 'बघूया' मी हजारदा ऐकलेलं आहे. टाळणाऱ्याचं वेगळं असतं, तयार झालेल्याचं वेगळं. हे दुसरं होतं. मी तिचं मन वळवलं होतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला सौदा जिंकल्याचा आनंदही झाला.

हवालदारानं फोन बंद केला. "म्हणजे ऑपरेशन झालं होतं?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात मला अजून एक संधी होती. मी हो म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं, असं मला आजही वाटतं. मला हो म्हणवलं नाही.

"का तेबी खोटं?"

"आई धडधाकट आहे," मी म्हटलं. "तिला कधीच काही झालं नव्हतं."

त्यानं फोन खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. मी घाईघाईनं बोलायला लागलो. आईंना न्यायला माझी गाडी येईल, दवाखान्यात माझ्या ओळखी आहेत, रात्री थांबायला माणूस देतो. मी काय करत होतो ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. मी भाव करत होतो.

"अण्णा, आता काय बोलू नगा."

"मी गाडी रांगेच्या मागे नेतो."

"आता कशाला? आलासाच न्हवं पुढं." आणि त्यानं बॅरिकेड ओढलं. चारचौघांत शिव्या घालून मागे पाठवलं असतं, तर मी भांडलो असतो, तापलो असतो, आणखी एक राग जपून ठेवला असता. त्यानं वाट मोकळी केली आणि माझ्याकडे न पाहता उभा राहिला.

त्या दिवशी होसूरला मी सगळ्यांच्या आधी पोचलो, मशीनवर हात ठेवला आणि चांगला सौदा केला. हेही लिहायला हवं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तीन महिने मला दवाखान्यात निजवून तू मशिनी आणल्यास. भावाच्या घरी पाडलंस वर." आधी ती हसली. मग हवालदाराच्या आईचं सांगितलं तेव्हा तिचं हसू गेलं. तिनं मला जेवायला वाढलं, पण त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी रांगेत उभा राहायला लागलो. पश्चात्ताप वगैरे म्हणणं फार होईल. त्याच्या समोरून उलटं जायची छाती उरली नव्हती, एवढंच. कितीतरी खेपा तो मला दिसायचा आणि मी त्याला. विचारायचं एकच होतं, आणि ते विचारायचा हक्क मीच घालवलेला होता.

मग एका सकाळी रांग अडकली असताना तोच माझ्या काचेपाशी आला.

"आई चालाय लागली," तो म्हणाला. "काठी घेऊन. डॉक्टर म्हणतो, काठी पण सुटंल."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुमची लई आठवण काढती. रोज विचारती, त्या अण्णाची आई कशी हाय? तिला माझा नमस्कार सांगितलास काय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, सांगितला. म्हणतो, ऑपरेशन केल्यापास्नं बरी हाय." त्यानं पुढच्या गाड्यांकडे पाहिलं. "दुसरं काय सांगू, अण्णा? खरं सांगितलं तर ती म्हणंल, मला फसवून कापलं."

पुढे एक टेम्पो आडवा घुसला होता. तो त्याच्याकडे गेला. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. गावाकडचा सरळ माणूस, आईपाशी राहतो, रोज संध्याकाळी घरी जातो, आणि ती विचारते तेव्हा माझं खोटं आपल्या तोंडानं तिला सांगतो. ती चालते आहे तोवर ती विचारत राहणार.