न सुटणारं कपलिंग

“इंजीनियर साब, पिन निकारो! पिन!”

हरप्रसाद कक्का ओरडत होते. मी रस्त्यावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी पिन वर खेचत होतो आणि ती तसूभरही हलत नव्हती. समोर त्यांची पांढरी घोडी, हंसा, कुशीवर पडून पाय झाडत होती. लग्नाची बग्गी चढावर उभी होती आणि मागे घसरू बघत होती. वऱ्हाडातल्या सात-आठ जणांनी तिला मागून खांदे लावले होते. सकाळचे साडेआठ वाजले असतील. विदाईची वेळ. नवरा-नवरी उतरून एका दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं होतं.

ती पिन मी बनवली होती.

मी झाशीचा. आमचं घराणं महाराष्ट्रातून इकडे येऊन सात पिढ्या झाल्या. वडील रेल्वेत होते, मीही चौदा वर्षं रेल्वेत मालगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीवर काढली. पुढे नोकरी सोडून स्वतःचं लहानसं फॅब्रिकेशन वर्कशॉप टाकलं. गेट, ग्रिल, शेड असली कामं करतो. मानिक चौकाजवळ साहूजी म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे लग्नांना भाड्यानं द्यायच्या तीन बग्ग्या आणि त्यांच्या घोड्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी हरप्रसाद कक्का चालवायचे. कक्का म्हणजे बुंदेलीत काका. सगळं गाव त्यांना तेच म्हणतं. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं.

बग्गी ओढताना घोड्याचा जोर गाडीपर्यंत कसा पोचतो, ते आधी सांगतो. घोड्याच्या छातीवर रुंद पट्टा असतो. त्याच्या दोन्ही टोकांपासून दोन लांब चामडी पट्टे मागे गाडीपर्यंत जातात. इथे त्यांना जोत म्हणतात. सगळी ओढ या दोन पट्ट्यांवर असते. कक्का जोताचं टोक गाडीच्या कडीतून ओवून त्याला हातानं गाठ मारायचे. दोन्ही बाजू नीट बांधायला त्यांना पंधरा मिनिटं लागत.

मागच्या सीझनमध्ये एका वरातीत दुसऱ्या बग्गीची अशीच एक गाठ सुटली. ती बांधणारा गडी नवा होता. घोडी चार पावलं पुढे गेली आणि बग्गी तिरकी होऊन जागेवर राहिली. कुणीतरी व्हिडिओ काढला. ‘घोड़ी चली ससुराल, दूल्हा यहीं’ असं लिहून तो सगळ्या शहरात फिरला. साहूजी माझ्याकडे आले ते तणतणतच.

“भाईसाहब, आप रेलवे के आदमी हो. ऐसी चीज़ बना दो जो बाप जनम में न खुले.”

हे मला फार आवडलं. रेल्वेत ‘पार्टिंग’ हा शब्द आम्ही दबक्या आवाजात उच्चारतो. चालत्या गाडीचं कपलिंग सुटून तिचे दोन भाग होणं म्हणजे पार्टिंग. ते झालं की चौकशी बसते, कागद फिरतात, कुणाच्या तरी नावावर ठपका येतो. चौदा वर्षं माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती : चांगलं कपलिंग म्हणजे न सुटणारं कपलिंग.

मी तसंच बनवलं. गाडीकडे पोलादी जबडा. जोताचा शेवटचा हातभर भाग काढून तिथे भोक पाडलेली पोलादी पट्टी. पट्टी जबड्यात सरकवायची, वरून जाड पिन टाकायची, स्प्रिंगचं लॉक आपोआप बसतं. दोन मिनिटांत घोडा जोडून तयार. वर्कशॉपमध्ये मी ते चेनपुलीला टांगून लोड टेस्ट घेतली, म्हणजे खऱ्या वापरात येईल त्याच्या तिप्पट ओढ देऊन पाहिलं. काही वाकलं नाही, काही सरकलं नाही. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. साहूजी खूश झाले.

कक्का बाजूला उभे होते, मोबाइलचं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “भैया, जो बँध तो गओ. खुलहै कैसें?”

मी म्हटलं, “पिन ऊपर खींचो, खुल जाएगा.”

“घोड़ी गिर परी होय, तब?”

“कक्का, हंसा से झगड़ा हुआ है क्या? भगानी है?”

साहूजी मोठ्यानं हसले. मीही हसलो. कक्का म्हणाले, “नईं, हम तो ऐसई पूछ रए हते.”

कक्कांनी विचारलं ते काही वेगळं नव्हतं. रेल्वेतल्या कुणालाही विचारा, ताणाखाली असलेलं कपलिंग हातानं उघडत नाही. पिनवर भार असतो, ती घट्ट दाबलेली असते. त्यासाठी इंजिन थोडं मागे आणतात, डबे एकमेकांकडे येतात, ढील मिळते आणि मग कपलिंग उघडतं. हे मी शेकडो वेळा केलं होतं. पण पडलेल्या घोडीला कोण मागे आणणार, हा विचार माझ्या मनात आला नाही. डब्याला पाय नसतात, तो घसरून पडत नाही आणि पडल्यावर तडफडत नाही.

त्या सकाळी चढावर कुणीतरी दुकानासमोर पाणी मारलं होतं. हंसाचा पाय सरकला. ती पडली आणि बग्गीनं तिला मागे ओढलं. दोन्ही जोत तारेसारखे ताणले गेले. मी तिथे आमंत्रणावरून गेलो नव्हतो. माझी वस्तू खऱ्या लग्नात कशी दिसते याचा व्हिडिओ काढायला गेलो होतो. कक्का उडी मारून खाली आले. त्यांच्या सीटखाली कायम एक धारदार सुरी असायची, ती त्यांनी काढली. मला वाटलं, पूर्वीच्या गाडीत त्यांनी एका झटक्यात जोत कापून घोडी मोकळी केली असती. आता सुरी जिथे चालली असती तिथे माझं पोलाद होतं. उरलेलं चामडं घोडीच्या अंगाखाली आणि झाडणाऱ्या पायांमध्ये गेलं होतं. सुरी हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी जे मला येत होतं ते केलं. ओरडलो, “आगे धकेलो! ढील दो!”

लोकांनी बग्गी पुढे ढकलली. वीतभर पुढे आली असेल. दोन्ही पिना अलगद वर आल्या. पण तेवढ्यात पुढचं चाक हंसाच्या मागच्या पायावर चढलं. तो आवाज मी इथे लिहीत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बघून सांगितलं, “हड्डी बच गई, नस गई. चलेगी. खींचेगी नहीं.”

इथवर जे झालं ती चूक होती. चूक माणसाकडून होते. यापुढचं मी समजून-उमजून केलं.

दुपारी साहूजींच्या गोडाउनवर आम्ही तिघं उभे होतो. साहूजींचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी कपलिंग हातात घेतलं, पिन काढली, घातली, पुन्हा काढली. ताण नव्हता, ती लोण्यातून निघावी तशी निघत होती.

“ये तो खुल रही है,” ते म्हणाले. “भाईसाहब, फिर वहाँ क्यों नहीं खुली?”

कारण मला माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाकीच्या दोन बग्ग्यांसाठी त्यांनी माझ्याकडूनच कपलिंग घ्यायचं ठरवलं होतं, आणि बड़ा बाज़ारातल्या आणखी एका बग्गीवाल्याला माझं नाव सांगितलं होतं. पण खरं सांगायचं तर मी ते टाळलं त्याचं कारण तेही नव्हतं. मला ‘रेलवे के आदमी’ राहायचं होतं.

मी म्हटलं, “तेल देते रहते तो खुल जाती.”

साहूजी कक्कांकडे वळले. “सुन लिया? एक काम था तुम्हारा, तेल देना. वो भी नहीं हुआ?”

कक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ते रोज पिनला तेल द्यायचे. मी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “काय भैया, तेल से खुल जाती?”

मी खाली बघितलं. भिंतीवरच्या खुंटीवरून कक्कांनी आपला गमछा घेतला आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची बग्गी दुसरा माणूस चालवू लागला.

मी मनाला समजावलं की, कदाचित तेलाचंही काही असेल. मग वर्कशॉपमध्ये शटर अर्धं ओढून पिनला भरपूर तेल लावलं, चेनपुलीनं ओढ दिली आणि पिन खेचली. निघाली नाही. ग्रीस लावलं. निघाली नाही. हातोडी मारली. तिसऱ्यांदा तीच टेस्ट घेताना मला कळलं की मी काहीच शोधत नाहीये, नुसता वेळ काढतोय.

तरीही मी साहूजींकडे गेलो नाही. अकरा दिवस गेले. माझी मुलगी माझ्या मोबाइलवर जुने फोटो बघत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. लोड टेस्टचा तो व्हिडिओ लागला. कक्कांचा आवाज आला : खुलहै कैसें? मग माझं हसणं.

“बाबा, ये अंकल ठीक ही तो पूछ रहे हैं. आप हँस क्यों रहे हो?”

बायको आतून म्हणाली, “कशावरून हसतायत गं ते?”



दुसऱ्या दिवशी मी साहूजींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावलेही नाहीत, त्याचंच जास्त लागलं. “अब बता रहे हो?” एवढं म्हणून त्यांनी तोंडातलं पान थुंकलं. “आदमी तो मैंने रख लिया. अब उसको किस मुँह से निकालूँ?” मग म्हणाले, “कक्का बरुआसागर में है. भाई के यहाँ. घोड़ी भी ले गया. मैं तो बेच रहा था, बोला, हमें दे दो.”

मी बसनं बरुआसागरला गेलो. कक्का भावाच्या आल्याच्या शेतात होते. हंसा लिंबाच्या झाडाखाली तीन पायांवर भार देऊन उभी होती. मी गेलो आणि जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बोललो. मी खोटं बोललो. तेलाचा काही संबंध नव्हता. साहूजींना सांगून आलोय.

त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. “हमें तो ओई दिना पता हती,” ते म्हणाले. म्हणजे त्याच दिवशी.

मग ते उठले, झाडाला एक दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “खेंचो. पूरो जोर लगाओ.”

मी मागे रेलून सगळं अंग टाकलं. गाठ करकचली. कक्कांनी दोन बोटांनी दोराचं एक लोंबतं टोक ओढलं. गाठ क्षणात मोकळी झाली आणि मी आल्याच्या वाफ्यात पाठीवर आपटलो. त्यांचा भाऊ खो खो हसला. कक्का हसले नाहीत.

“एई गाँठ हती,” ते म्हणाले. “खींचत में खुलत है. बग्गी में एई बाँधत हते हम.”

मी वाफ्यातच बसून राहिलो. एकतीस वर्षं त्या बग्गीला जे कपलिंग होतं ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी त्याला गाठ समजलो.

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. चहा मात्र दिला.

परत आल्यावर मी नवं कपलिंग बनवलं. त्यात पिन नाही, एक वाकडा हुक आहे आणि त्याला अडवून धरणारा लिव्हर. सीटजवळची दोरी ओढली की लिव्हर तिरका होतो आणि जोताच्याच ताणानं हुक उलटून मोकळा होतो. जितकी ओढ जास्त, तितकं लवकर सुटतं. ते पहिल्यांदा मी बरुआसागरला नेऊन कक्कांना दाखवलं. त्यांनी माझ्याकडून दहा वेळा ओढून घेतलं, मग मान हलवली. आज साहूजींच्या तिन्ही बग्ग्यांवर तेच आहे. साहूजींनी कक्कांना परत बोलावलं होतं. ते आले नाहीत. हंसाला सोडून जमणार नाही, म्हणाले.

माझ्या लोड टेस्टच्या कागदावर पूर्वी एकच रकाना असे : किती भार धरला. आता तीन आहेत. दुसरा, त्याच भाराखाली सुटलं का. तिसरा, वापरणाऱ्यानं काय विचारलं. त्या पहिल्या टेस्टचा जुना कागद मी फाडलेला नाही. त्यावर हातानं रेघ मारून प्रश्नाचा रकाना पाडला आणि कक्कांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला. समोर उत्तराची जागा आहे. तिथे खरं तेच लिहिलं : हसलो.