गेनबा गुरवाचा नकार

गेनबा गुरव म्हणजे अंगापिंडानं अगदी किरकोळ माणूस. खांद्यावर धुवट उपरणं, कपाळाला भंडारा आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडं बघायची सवय. गावात कुणी त्याला 'या, बसा' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. आमचं गाव चाकणहून तळेगावकडं जाताना रस्त्यापासून कोसभर आत आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर चार घरचे लोक माझ्याशी भांडायला येतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

गावात खंडोबाचं देऊळ, आणि पूजा गेनबाच्या घराकडं बापजाद्यांपासून. सुगीला खळ्यावरून जे धान्य मिळेल त्यावर नवरा-बायकोचं वर्ष निघायचं. पूजा गेली असती तर धान्यही गेलं असतं. पण गेनबाला त्या धान्याचं फारसं काही नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं, यार-दोस्त नव्हते. देवाला पाणी घालायचं, बेल वाहायचा, देऊळ झाडायचं, एवढंच त्याचं जग. त्याची बायको गवराबाई म्हणायची, "ह्यांचं लगीन देवासंगं झालंया, मी आपली करवली."

मी तेव्हा गावात मास्तर होतो. पुढं छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेलो आणि नोकरी गेली, पण लोकांच्या तोंडी मास्तर राहिलो. मी समाजवादी. त्या काळी समाजवादी माणूस ओळखायला सोपा होता: अंगात खादी, खांद्याला पिशवी, आणि समोरचा ऐको न ऐको, हा आपला बोलतोच आहे.

बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीत मी रात्रीच्या साक्षरता वर्गात लोकांना मतदान शिकवलं. पडद्याआड पेट्या मांडलेल्या असतात, प्रत्येक उमेदवाराची निराळी, वर त्याची निशाणी. कागद कुठल्या पेटीत टाकला हे कुणालाही कळत नाही. "तिथं पाटील बघत नाही, सावकार बघत नाही," मी सांगितलं आणि जोशात पुढं म्हणालो, "देवसुद्धा बघत नाही!" सगळे हसले. पुढं बसलेला ज्योतीराम मात्र हसला नाही. दुसऱ्याच्या रानात राबणारा सरळ माणूस. तो ते वाक्य मनावर घेऊन घरी गेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी अर्जुनराव पाटलांनी गावाला देवळात बोलावलं. ते राज्यकर्त्या पक्षाचे. त्यांनी गेनबाला बेलभंडार आणायला सांगितलं. आमच्याकडं देवाच्या ताटातला बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडणाऱ्याच्या घराला देव बघून घेतो, अशी पक्की समजूत. गेनबानं ताट धरलं आणि एकेकानं बेलभंडार उचलून पाटलांच्या उमेदवाराला मत द्यायची शपथ घेतली. ज्योतीरामानंही घेतली. दुसऱ्या दिवशी पडद्याआड त्यानं कागद दुसऱ्याच पेटीत टाकला.

चैत्रात त्याची सात वर्षांची शकू तापानं गेली. ज्योतीरामानं शपथ मोडल्याचं फक्त गेनबाला सांगितलं. देवाची क्षमा मागायला काय करू म्हणून पायरीवर डोकं आपटलं. गेनबानं अभिषेक केला, अंगारा लावला, पण ज्योतीरामाचं मन काही थाऱ्यावर आलं नाही. बायकोला घेऊन तो कुठं निघून गेला तो गेलाच. गेनबानं हे सगळं मला सांगितलं. "मास्तर, ताट माज्या हातात व्हतं," तो म्हणाला. माझं वाक्य त्याला ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पुढची काही वर्षं रविवारी सकाळी देवळाच्या ओवरीत आमच्या चर्चा रंगायच्या. मुरारी पिंपरीला कारखान्यात होता, लाल बावट्याचा. सुट्टीला गावी आला की तावातावानं बोलायचा. "मतपेटी म्हंजी मालक लोकांची करामत. कामकऱ्याच्या हातात सत्ता आली की एकच पक्ष बास, गरिबांचा." दत्तोबा दुकानदाराला हिंदूंचं राष्ट्र हवं होतं. "शंभर तोंडांनी देश उभा ऱ्हात न्हाई. आधी शिस्त पायजे, मंग मतं." अर्जुनराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, "लोकशाही हाय म्हून तर आमी इचारायला येतो. पर स्वातंत्र्य कुनी आनलं त्येबी ध्येनात ठेवा." आणि मी सांगायचो की पोटाला भाकरी आणि तोंडाला मोकळीक, दोन्ही एकदम मिळतं तो समाजवाद. चौघांचं कधीच जमलं नाही. चहा मात्र एकाच किटलीतला प्यायचो.

असंच एकदा गेनबा झाडता झाडता थांबला. "एक इचारू का? तुमच्या तुमच्या राज्यात माज्यासारख्याला न्हाई म्हनता यील का?"

"तुजंच राज्य असल्यावर न्हाई कशाला म्हनशील?" मुरारी म्हणाला.

"धर्माच्या राज्याला गुरव न्हाई म्हनंल व्हय?" दत्तोबा हसला.

"म्हन की," अर्जुनराव म्हणाले, "पर आधी माज्या कानावर घाल."

"माझ्या राज्यात येईल," मी म्हणालो. "नक्की येईल." इतक्या झटक्यात म्हणालो की आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. गेनबानं मान हलवली आणि पुन्हा झाडायला लागला.

सत्तावन्न साल आलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी विरोधातले सगळे एक झाले. काल एकमेकांना देशबुडवे म्हणणारे मुरारी, दत्तोबा आणि मी एका बैलगाडीतून प्रचाराला हिंडू लागलो. अर्जुनराव सावध झाले. त्यांनी परत देवळात गाव बोलावलं आणि गेनबाला ताट आणायला सांगितलं. गेनबा त्यांच्या पायांकडं बघत म्हणाला, "मतासाठी न्हाई द्यायचा, पाटील." पाटलांनी दम दिला, शिव्या दिल्या, गेनबा जागचा हलला नाही. आम्हाला आकाश ठेंगणं झालं! चाकणच्या बाजारात मी भाषण ठोकलं आणि गेनबाला लोकशाहीचा खरा पुजारी म्हणालो. टाळ्या पडल्या.

आठ दिवसांनी आमचेच लोक कुजबुजू लागले. वरच्या आळीतली घरं पाटलांकडं फिरणार अशी बातमी होती. काय करावं याचा खल चालला असताना मुरारी म्हणाला, "बेलभंडार उचलू." देव नाही म्हणून मुठी आपटणारा मुरारी! दत्तोबानं लगेच मान डोलवली. दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "एकदाच. महाराष्ट्रासाठी." इतकी वर्षं जे तिघांना जमलं नव्हतं, ते त्या एका गोष्टीवर जमलं.

आम्ही गेनबाच्या दारात गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ज्योतीरामाची पोर तुमाला म्हाईत हाय, मास्तर."

"ती तापानं गेली, गेनबा. शपथेनं कुणी मरत नाही."

"मंग शपत कशाला मागताय?"

मुरारीनं त्याला बाजूला सारलं आणि देवळात जाऊन ताट काढलं. बेल मी तोडून आणला. गवराबाई दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, तुमीबी?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या संध्याकाळी गावानं आमच्या बाजूनं बेलभंडार उचलला आणि ताट मी धरलं होतं.

आमचा उमेदवार निवडून आला. गुलाल उधळला. मी नाचलोदेखील.

पंधरा दिवसांनी अर्जुनरावांनी देवळात गावसभा बोलावली. गावाच्या देवावर गावाची सत्ता, गुरव गावाला जुमानत नाही, तेव्हा पूजा त्याच्या चुलतभावाकडं द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पहिल्या नकाराचा राग, आमच्या लोकांना दुसऱ्याचा. कालपर्यंत एकमेकांवर धावून जाणारी दोन्हीकडची माणसं गेनबाच्या बाबतीत एका मताची निघाली. गेनबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसला होता. त्यानं एवढंच म्हटलं, "मला दुसरं काय येत न्हाई. देवाजवळ ऱ्हाऊ द्या."

कुणीतरी म्हणालं, भांडण नको, लोकशाहीनं ठरवू. सगळ्यांना ते पटलं. ज्यांना गेनबाला काढायचं त्यांनी हात वर करावा असं ठरलं आणि लिहितावाचता येतं म्हणून मोजायचं काम माझ्याकडं आलं.

मी उभा राहिलो. अर्जुनरावांचा हात वर गेला, दत्तोबाचा गेला, मग भराभर ओळीच्या ओळी. माझ्या शेजारी मुरारी होता. त्याचा हात वर होता आणि तो माझ्याकडं बघत होता. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती, आमची एकी टिकायला हवी होती, फुटलो तर पाटील पुन्हा बसणार होते. माझ्याजवळ कारणं पुष्कळ होती आणि सगळी चांगली होती. मी डावा हात वर केला आणि उजव्या हाताच्या बोटानं मोजायला लागलो. एकशे सतरा भरले. मग स्वतःचा धरला, एकशे अठरा. विरुद्ध कोण, असं विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. गेनबालाही मत होतं, पण त्यानं हात उचलला नाही.

आकडा सांगितला. लोक उठले, धोतरं झटकली, बाहेर पडून विड्या पेटवू लागले. गेनबानं कनवटीची देवळाची किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली. माझ्याजवळून जाताना तो थांबला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता. शेजारच्या माणसाची काळजी करावी तसा तो बोलला.

"मास्तर, झालं की मोजून. हात खाली घ्या, भरून यील."