आसरांच्या विहिरीवरचं मीठ

पंचवटीत आमच्या गल्लीमागे साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची, विहीर होती. चामखीळ झाली की सकाळी उठून न बोलता तिथं जायचं, विहिरीकडे पाठ करून मूठभर मीठ खांद्यावरून मागे टाकायचं आणि वळून न बघता घरी यायचं. मीठ विरघळेल तशी चामखीळ विरघळते म्हणत. वाटेत तोंड उघडलं तर सगळं फुकट. त्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. लोक ती आसरांची लीला समजत. मला मात्र त्यात पंचवटीतल्या चामखिळीच दिसत.

मी सोळा वर्षांची होते. हनुवटीवर हरभऱ्याएवढी चामखीळ होती आणि तिच्यापायी दोन स्थळं परत गेली होती. त्या दुपारी येवल्याची मंडळी मला बघायला येणार होती. चुना लावून झाला होता, कोरफड झाली होती. चार तासांत काय विरघळणार होतं, पण बुडत्याला काडीचा आधार. आईनं मीठ हातात दिलं आणि आजच्या दिवस तरी जीभ आवर म्हणून बजावलं.

मी मीठ भिरकावलं, तोच मागून एक बाई कडाडली. डोळ्यांत मीठ गेलं, आंधळी आहेस का, आईबापांनी हेच शिकवलं का, असं बरंच काही. एरवी मी एकाची चार ऐकवली असती. पण ओठ घट्ट मिटून तशीच घरी आले आणि चुलीजवळची कळशी आदळून राग काढला.

दुपारी पोहे झाले, नाव विचारून झालं. मग मुलाच्या आईनं चालून दाखवायला सांगितलं. मी दारापर्यंत गेले.

"थांब," त्या म्हणाल्या, "ही पाठ मी सकाळी पाहिलीय."

त्यांचे डोळे अजून लाल होते. एवढं बोलले तरी पोरीनं ब्र काढला नाही, अशी शांत मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वडिलांचा चेहरा खुलला. मला मात्र ते खोटं कौतुक सहन होईना.

"मी शांतबिंत नाही," मी म्हटलं. "मीठ टाकताना बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते. नाहीतर तुम्हाला चांगलं ऐकवलं असतं."

आईनं तोंडाला पदर लावला. त्या बाई शेजारी बसलेल्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "आम्ही कालच पंचवटीत मुक्कामाला आलो. सकाळी मीही विहिरीवर मीठच घेऊन आले होते. ह्याच्यासाठी. तुझ्यावर ओरडले आणि माझं फुकट गेलं."

मुलगा आल्यापासून सर्दीच्या नावाखाली नाकावर रुमाल धरून बसला होता. त्यानं तो हळूच खाली घेतला. त्याची चामखीळ माझ्याहून मोठी होती. मला हसू आवरेना. मग तोही हसला, आणि मला तो तिथल्या तिथे आवडला.