स्लॅबखालचा सर्व्हर

सर म्हणाले, "आठ दिवसांत मशीन ठरव. एका पोराचा एक मार्क जरी हरवला, तर तू दुसरी नोकरी बघ." लातूरच्या ज्या कोचिंग क्लासात मी नोकरीला होतो, त्याचे ते मालक. त्यांना चेष्टा करता येत नसे, त्यामुळे माझी झोप उडाली.

क्लास नुसता वाढत चालला होता. अहमदपूर, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची आणि दर रविवारी टेस्ट. सगळे मार्क एका साध्या कॉम्प्युटरवर, आणि तो नेमका निकालाच्या दिवशी अडून बसायचा. मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलेलो, त्यामुळे या विषयातलं सगळं मला कळतं अशी लोकांची समजूत होती. खरं सांगायचं तर माझीही होती.

मार्कांसाठी नवा सर्व्हर घ्यायचा होता; त्यावर विंडोज घ्यावं की लिनक्स, यावर मी दिवसातून दोनदा मत बदलत होतो. एसटीनं नांदेडला गेलो, तर तिथला दुकानदार म्हणाला, "विंडोज घ्या. बिघडलं तर माझा माणूस येऊन जाईल. लिनक्सला कोण येणार हाय?" परतताना अहमदपूरच्या स्टँडवर खरेदीची यादी खोडली, लातुरात उतरेपर्यंत पुन्हा लिहिली. चहा पिऊन पिऊन पित्त झालं.

खरी अडचण जागेची होती. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपाला आठ-नऊ वर्षं होऊनही आमचं ऑफिस मागच्या अंगणात, पत्र्याच्या खोलीत होतं. मार्क भरायला ज्या ताई होत्या, त्या किल्लारीकडच्या. स्लॅबखाली बसायच्याच नाहीत. एप्रिलात त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघायचा, तिथं सर्व्हर काय टिकणार? मला त्यांच्या भीतीचा रागच यायचा. नांदेडला आमच्या घरालाही हादरा बसला होता, पण आमचं काही गेलं नव्हतं, म्हणून रागावणं सोपं होतं.

सातव्या दिवशी मार्ग सुचला. लिनक्स घालून सर्व्हर पहिल्या मजल्यावर, स्लॅबच्या एसी खोलीत ठेवायचा. ताईंनी पत्र्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून केबलवरून त्यातच मार्क भरायचे. शिवाय दोन हार्ड डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरणार. मी स्वतःवर भलताच खूश झालो. सरांची सही घेण्याआधी यादी घेऊन ताईंकडे गेलो, शाबासकीसाठीच म्हणा ना.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे एक डिस्क गेली तरी दुसरीत समदं ऱ्हातंय?"

"हो. चिंताच नाही."

"आन् दोन्ही एकाच डब्यात?"

"एकाच. वरच्या खोलीत."

"मग वरचा स्लॅब खाली आला तर?"

मी हसलो. "ताई, दर वेळी काय तेच धरून बसता?"

त्या कीबोर्डकडं बघत म्हणाल्या, "माजी दोन्ही लेकरं एकाच खोलीत झोपली होती, सर."

त्यांच्याच टेबलावर वाकून मी यादीत आणखी एक ओळ लिहिली, रोजच्या मार्कांची नक्कल सीडीवर. ती कुठं ठेवायची, हे मात्र मी त्यांनाच विचारलं.